अंगातला नंबर

"तू नक्की काय करतीस तिथं?" हा प्रश्न मला घरी, कॉलेजात आणि एकदा तर एसटीत शेजारी बसलेल्या अनोळखी बाईनंही विचारला आहे. मी सांगते, हॉस्पिटलात नोंदी ठेवते. कसल्या नोंदी, असं पुढं विचारलं की जरा घुटमळते. कॅन्सरमुळं ज्या बायकांचा स्तन काढावा लागतो, त्यांतल्या काही जणींना तो पुन्हा तयार करून देतात. त्यासाठी आत जी वस्तू बसवतात, तिच्या नोंदी माझ्याकडं असतात. एवढं सांगून झालं की समोरचा माणूस एकतर विषय बदलतो, नाहीतर ही पोरगी काहीतरी लपवते आहे अशा नजरेनं माझ्याकडं बघतो.

दिवाळी अंकासाठी लिही म्हणून आमच्या मराठीच्या बाईंनी सांगितलं तेव्हा मी आधी नाही म्हणाले होते. तीन वर्षांच्या नोकरीला अनुभव म्हणायचं का, हेच मला कळत नव्हतं. आमच्या घरात कॉलेजला गेलेली मी पहिली. बाबा कसबा बावड्याच्या साखर कारखान्यात हंगामी कामगार, आई दुसऱ्यांच्या रानात तण भांगलायला जाते. ज्यांचं लिहिलेलं छापून येतं ती माणसं वेगळी असतात, असं मला अजूनही वाटतं. सकाळी बी.ए.चे तास करून दुपारी बारा ते सात मी हे काम करते. पण माझ्या हातून एक गोष्ट अशी घडली आहे, की ती मी चारचौघांत सांगितली नाही तर मीही काहीतरी लपवते आहे असंच होईल. म्हणून लिहिते.

आधी काम सांगते. स्तन काढल्यावर छातीची कातडी घट्ट बसलेली असते. आत लगेच काही मावत नाही. म्हणून बऱ्याच जणींना पहिल्यांदा एक रिकामी पिशवी बसवतात. तिला एक्स्पांडर म्हणतात. दर दोन-तीन आठवड्यांनी सुईनं तिच्यात थोडं थोडं सलाईन भरायचं. कातडी हळूहळू सैल होत जाते. पुरेशी झाली की ती पिशवी काढायची आणि कायमचं इम्प्लांट बसवायचं. बाहेरून सिलिकॉनचं कवच, आत सिलिकॉनचाच दाट गर. कायमचं म्हणतात खरं, पण ते जन्मभर टिकेलच असं नाही. फाटू शकतं, भोवती कडक होऊ शकतं, बदलावं लागू शकतं. म्हणून प्रत्येक इम्प्लांटला स्वतःचा नंबर असतो. खोक्यातच त्या नंबरची स्टिकरं येतात. एक फाइलीत लावायचं, एक थिएटरच्या रजिस्टरमध्ये, एक बाईजवळ द्यायच्या कार्डावर, आणि एक कंपनीला कळवण्यासाठी माल आणणाऱ्या माणसाकडं द्यायचं. पुढं कितीही वर्षांनी कुठल्याही गावच्या डॉक्टरला त्या कार्डावरून आत काय आहे ते कळलं पाहिजे. हे नंबर सांभाळणं म्हणजे माझं काम.

माझ्या टेबलाच्या खणात एक नमुना असतो. बायका आधी तो एका बोटानं ढकलून बघतात, मग हातात घेतात, मग माझ्याकडं बघतात. सरळ विश्वास ठेवणारी बाई मला आजवर भेटलेली नाही. एक जण म्हणाली, "सिलिकॉन म्हंजे टाकी गळाय लागली की हार्डवेअरमधनं ट्यूब आणून लावत्यात, त्येच न्हवं?" एक म्हातारी लेकीसोबत आली होती. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि मला बाजूला घेऊन विचारलं, "ही मेल्यावर जाळायच्या आधी तुमी परत न्यायला येतायसा व्हय?" तिला ती वस्तू भाड्यानं दिल्यासारखी वाटत होती. गगनबावड्याची एक बाई म्हणाली, "आमच्याकडं चार म्हैने ऊन दिसत न्हाय. ह्ये गारठतंय का ओ?" मला हसू आलं होतं. पण आमच्या मॅडम, म्हणजे ऑपरेशन करणाऱ्या डॉक्टर, म्हणाल्या, "बरोबर विचारलं. हो, थंडीत गार लागतं." तेव्हापासून मी कुठल्याच शंकेला हसत नाही. आधी मला राग यायचा. नंतर वाटलं, ज्या बाईला स्वतःच्या अंगानं एकदा न सांगता फसवलं आहे, तिनं माझ्यावर का विश्वास ठेवावा?

सुमनमावशी आल्या तेव्हा त्यांचा उजवा स्तन काढून वर्ष होत आलं होतं. कागलजवळच्या गावच्या, वय सेहेचाळीस, घरी तीन म्हशी. बोलायचं काम त्यांच्या नवऱ्याकडं होतं. महादेवकाका कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत एका फौंड्रीत इन्स्पेक्शनला. शर्टाच्या खिशात दोन पेनं आणि एक छोटी वही. त्यांनी नमुना हातात घेतला, उलटा केला, उजेडात धरला आणि पहिला प्रश्न विचारला, "ह्येच्यावर नंबर हाय का?"

मी म्हटलं, प्रत्येकाला असतो.

"आमच्यात पंपाच्या बॉड्या वतत्यात बघा. भट्टीतनं एका टायमाला जेवढा रस निघतोय त्येला हीट म्हणायचं. त्या हीटचा नंबर परतेक नगावर. उद्या कुठं परदेशात नग फुटला तर मी हितं बसून सांगतो, कंच्या दिवशी, कंच्या पाळीत वतलाय. नंबर न्हाय त्यो माल मी पुढं सोडतच न्हाय." मग बायकोकडं हात करून म्हणाले, "आणि ही तर माझी घरची माणूस."

खरं सांगते, मला फार बरं वाटलं. माझं काम काय आहे हे न समजावता समजलेला तो पहिला माणूस. मी त्यांना रजिस्टर दाखवलं, कार्डाचा नमुना दाखवला.

"तुमचं नाव?"

"सारिका."

"पूर्ण."

"सारिका कांबळे."

त्यांनी वहीत लिहून घेतलं. आडनाव सांगितल्यावर समोरचा माणूस क्षणभर थांबतो का, हे बघायची मला लहानपणापासून सवय आहे. ते थांबले असं मला वाटलं. खात्री नव्हती, पण मी ते मनात धरून ठेवलं.

मावशी एकदाच मोकळं बोलल्या. काका चहाला गेले होते. "आरशासाठी न्हवं पोरी. डोक्यावर भारा घेतला की एका अंगाला जातोय. तोलच न्हाय. आणि लेकीच्या लग्नाला ब्लाऊज टाकाय गेलतो, शिंपीण टेप घेऊन उठली तसा मी घरला पळून आलो." एवढं बोलून त्या पदर सारखा करत बसल्या.

एक्स्पांडरचे तीन-चार महिने नीट गेले. इम्प्लांट बसवायचा दिवस आला.

त्या दिवशी बसवराजअण्णा तीन खोकी घेऊन आले. इम्प्लांट पुरवणाऱ्या एजन्सीचे ते माणूस. नेमका कुठला आकार बसेल हे ऑपरेशन चालू असताना ठरतं, म्हणून मागचे-पुढचे आकारही जवळ ठेवावे लागतात. न उघडलेली खोकी ते परत नेतात. अण्णा चिकोडीकडचे, कानडी शाळेत शिकलेले. मराठी झकास बोलतात, पण मला 'तंगी' म्हणतात. तंगी म्हणजे धाकटी बहीण. "काय तंगी, कलेक्टर कधी हुनार?" हा त्यांचा रोजचा टोमणा. मला तो आवडायचा नाही.

खोक्यातली तीन स्टिकरं जागच्या जागी लागली. चौथं काढताना फाटलं. अण्णा खाली गाडी काढत होते, कंपनीला त्याच दिवशी कळवायचं होतं. सिस्टरनं थिएटरच्या दारातून मास्कआडून नंबर वाचून दाखवला, मी चिठ्ठीवर लिहून घेतला, फोटो काढून अण्णांना मोबाइलवर पाठवला. शेवटचे चार आकडे मला अजून पाठ आहेत. तीन, एक, शून्य, चार. आठवड्यानं काकांना कार्ड दिलं. त्यांनी खिशातली वही काढून नंबर उतरवला आणि म्हणाले, "असं पायजे."

सहा आठवड्यांनी ते परत आले ते तारखेच्या आधीच. बाहेरच्या बाकावर सात-आठ बायका होत्या. काका माझ्या टेबलासमोर उभेच राहिले.

"कांबळे बाई, नंबर कुणी दिला मला?"

"कार्डावर आहे तोच. का?"

"कंपनीला फोन लावलता. म्हणत्यात, ह्या नंबरचा नग कुणाला बसवल्याची नोंदच न्हाय. सुमन महादेव नावावर दुसराच नंबर हाय. तीन नऊ शून्य आठ. आणि त्यो नग दोन वर्सामागं दुसऱ्याच राज्यातल्या दवाखान्यात गेलाय!" त्यांचा आवाज चढला. "म्हंजे तिकडं वापरलेला माल धुऊन आणून माझ्या बायकोला घातलायसा. आणि वर ह्ये कोरं स्टिकर चिकटवून दिलंय."

"काका, असं होत नाही..."

"मग कसं हुतंय? सांगा की! आमाला अडाणी समजलाय काय?"

बाकावरच्या बायका उठून दारात आल्या. एकीनं तिथल्या तिथं छातीवर हात ठेवला. ती एक्स्पांडरमध्ये सलाईन भरून घ्यायला आली होती. न भरताच गेली. पुढं सगळा उलगडा झाल्यावर मी तिला फोन केला, झालेलं सगळं सांगितलं. ती म्हणाली, "असंल बाई तुझं खरं. पण नगं आता." तिनं ती पिशवी दुसरीकडं काढून घेतली आणि पुढचं काही करून घेतलं नाही. ती बाई माझ्या खात्यावर आहे, असं मी धरून चालते.

त्या सगळ्या आरडाओरड्यात मावशी पदर छातीवर ओढून उभ्या होत्या. मॅडम आतून आल्या, त्यांनी दोघांना बसवलं, फाइल आणि थिएटरचं रजिस्टर मागवलं. कार्ड धरून तिन्हीकडं एकच नंबर होता. काका म्हणाले, "तुमचीच कागदं तुमच्याशी जुळणारच की. ह्या नंबरचा डबा आला असंल हो तुमच्याकडं. पण त्यातला माल घातला कुणाला?" मॅडम रजिस्टर पुन्हा चाळायला लागल्या.

मग मावशी बोलल्या. "डॉक्टरीणबाई, काढा ह्ये."

"अहो, जखम इतकी छान भरली आहे. काही दुखतंय का?"

"दुकत न्हाय. पण ह्ये दुसरीचं हाय. ती बाई मेली असंल. जेवताना हात उचलला की मला वाटतंय, ती बी हात उचलाय लागलीया." त्यांनी उजवी बाजू अंगापासून लांब धरल्यासारखा खांदा पाडला होता. "मला माझं रिकामंच बरं हुतं."

मॅडमनी समजावून बघितलं. भरलेली जागा कारण नसताना उघडायची म्हणजे जंतुसंसर्गाचा धोका, आणि एकदा बिघडलं तर तिथं पुन्हा काही बसवता येईलच असं नाही. आतल्या वस्तूच्या पाठीवर नंबर असतो, पण तो बघायचा तर उघडूनच. मावशी एकच म्हणत राहिल्या. काढा. दहा दिवसांनंतरच्या सोमवारची तारीख पडली.

त्यानंतरचा आठवडा मला आठवायलासुद्धा नको वाटतो. मॅडमनी प्रत्येकाला वेगवेगळं बोलावून विचारलं. सिस्टरना स्टोअरवाल्यांचा संशय, स्टोअरवाल्यांना माझा. चहाच्या वेळी मी आले की बोलणं थांबायचं. आणि मला संशय बसवराजअण्णांचा. त्या दिवशी खोकी घेऊन ते दहा मिनिटं स्टोअरच्या खोलीत एकटे होते. रिकामं खोकंही तेच घेऊन गेले होते. हे दोन्ही खरं होतं. पण मी ते मॅडमना ज्या आवाजात सांगितलं, तो आवाज खरा नव्हता. 'कलेक्टर'चा राग त्यात होता. आपल्यावरचं बोट दुसरीकडं वळावं ही घाईही होती.

अण्णांना चौकशी होईपर्यंत आत यायला बंदी झाली. ते माल गेटवर वॉचमनच्या हातात देऊन उन्हात उभे राहायचे. मी एकदा वरच्या खिडकीतून बघितलं आणि मागं सरले.

शुक्रवारी दुपारी त्यांचा फोन आला.

"तंगी, मी सात दिवस गेटवर हाय. मला एवढंच सांग, तू पाठवलेला नंबर मी जसाच्या तसा टाकला, मग चोर मी कसा?"

"मी तीन एक शून्य चार पाठवलं होतं."

"तीन नऊ शून्य आठ पाठवलंयस."

"अण्णा, खोटं बोलू नका."

"फोटो हाय माझ्याजवळ! थांब, परत पाठवतो. बघ तुझ्याच डोळ्यांनी."

फोटो आला. माझी चिठ्ठी, माझं अक्षर. तीन एक शून्य चार, स्वच्छ.

"बघितलंस?" अण्णा म्हणाले. "तीन नऊ शून्य आठ."

"कुठं? तीन एक शून्य चार आहे."

"डोळं तपास जा."

"तुम्हीच तपासा!"

आम्ही दोघं एकच फोटो समोर धरून एकमेकांवर ओरडत होतो. शेवटी अण्णा थकले. मग हळू आवाजात म्हणाले, "तंगी, तू एक कसा काढतीस?"

"म्हणजे? एकासारखा."

"वर गोल, खाली शेपूट?"

"हो."

"आमच्या शाळंत त्येला नऊ म्हणत्यात."

मला पहिल्यांदा काहीच कळलं नाही. मग मी टेबलावरच्या कागदावर लिहिलं, ३१०४. त्याच्याखाली इंग्रजी आकड्यांत लिहिलं, 3908. आणि बघतच राहिले. तीन दोन्हीकडं सारखा, शून्य सारखं. मराठी एक म्हणजे इंग्रजी नऊ, मराठी चार म्हणजे इंग्रजी आठ. माझी शाळा मराठी, दहावीपर्यंतची गणितं मी मराठी आकड्यांत सोडवली; अण्णांच्या कानडी शाळेत ती इंग्रजी आकड्यांत. रजिस्टरमध्ये, फॉर्मवर मी इंग्रजी आकडे जपून, सावकाश काढते. पण घाईत माझा हात शाळेतला होतो. त्या दिवशी सिस्टरनं थ्री वन झीरो फोर म्हटलं आणि हातानं ३१०४ लिहिलं. सात दिवस मी तो नंबर मनात शंभर वेळा वाचला होता आणि प्रत्येक वेळी बरोबरच वाचला होता, म्हणून चूक दिसली नव्हती.

"दुसऱ्या राज्यातला तो नग?"

"त्या नंबरचा नग कुठंतरी असणारच की. असंल तिकडं कुणाच्या तरी अंगात, सुखात." मग अण्णाच पुढं म्हणाले, "ऐक. मी आत्ता कंपनीला नंबर दुरुस्त कराय लावतो. पाच मिनिटांचं काम हाय. तू बी गप बस, मी बी गप बसतो. तुझी नोकरी ऱ्हाईल."

नोकरी गेली तर कॉलेजही जाईल, हे मला कुणी सांगायची गरज नव्हती. मोह झाला नाही असं लिहिलं तर ते खोटं होईल. पण तक्रार आल्यावर नंबर गुपचूप बदलला, हे महादेवकाकांच्या वहीत कसं दिसलं असतं? चोर करतो तसंच. आणि सोमवारी मॅडम त्या बाईची भरलेली छाती उघडणार होत्या, माझा एक वाचायला.

"अण्णा," मी म्हटलं, "मॅडमना तुमचं नाव मीच सांगितलं होतं."

"ठावं हाय."

"कसं?"

"गेटवर उभा केलेला माणूस दुसरं काय करतोय? ह्योच विचार करतोय, कुणी सांगितलं असंल." ते रागानं बोलले नाहीत, म्हणून मला जास्त लागलं. "जा, सांग मॅडमना. सगळं सांग. माझं बी."

मॅडमनी कागद बघितला. चष्मा काढून डोळे मिटले. मला वाटलं, आता जा म्हणतील. त्या म्हणाल्या, "उद्या ते दोघं ऑपरेशनआधीचं रक्त तपासायला येणार आहेत. त्यांना तू सांगायचंस. मी नाही."

शनिवारी काका-मावशी आले. अण्णांनाही बोलावलं होतं. मी उभं राहूनच सांगितलं. दोनदा पहिल्यापासून सांगावं लागलं. काकांनी माझ्या खणात सापडलेली ती मूळ चिठ्ठी हातात घेतली, उजेडात धरली, अगदी तो नमुना धरला होता तशीच.

"ही काल लिहून आणली नसशीला कशावरनं?"

अण्णांनी मोबाइल पुढं केला. फोटोवर ऑपरेशनची तारीख होती, वेळ होती. काकांनी वहीतली ऑपरेशनची वेळ काढून ताडून बघितली. वही टेबलावर उघडीच होती, मला पान दिसलं. मॅडमचं पूर्ण नाव, भूल देणाऱ्या डॉक्टरांचं पूर्ण नाव, दोन्ही सिस्टर, गेटवरचा वॉचमनसुद्धा, सगळ्यांची आडनावांसकट ओळीनं नावं होती. त्यांत माझं. पुढं लिहिलं होतं, 'नंबर ठेवणारी'. ते माझ्या आडनावापाशी थांबले होते की नव्हते, ते मला आजही माहीत नाही. पण मी त्यांच्यावर जो आरोप मनात लिहून ठेवला होता, त्याला पुरावा नव्हता.

काकांनी वही मिटून मान हलवली. "रीडिंग मिस्टेक. आमच्यात बी हुतीया. सहा नि नऊ पंच करताना खाली रेघ मारावी लागती, न्हायतर नग उलटा धरला की गेलं. तुमी रेघ मारली न्हाय." मग अण्णांकडं वळून, "पावणं, तुमाला चोर म्हटलो. चुकलं."

"ऱ्हाऊ दे की," अण्णा म्हणाले. "मला काय तुमी एकट्यानंच म्हटलं न्हाय." माझ्याकडं त्यांनी बघितलं नाही.

मला वाटलं, झालं. मॅडमनाही तसंच वाटलं असावं, कारण त्यांनी सोमवारचा कागद रद्द करायला हातात घेतला. तेवढ्यात मावशी म्हणाल्या, "तुमचं सगळ्यांचं जुळलं. मला कुणी दाखवलंय?"

काका म्हणाले, "अगं, आत्ता बघितलास न्हवं? कार्डावर तीन एक..."

"तुमी वाचलंसा. त्या पावण्यानं वाचलं. कंपनीनं वाचलं. मला ते विंग्रजी वाचाय येतंय व्हय?" त्यांनी पिशवीतून कार्ड काढलं. रुमालात गुंडाळून, वर प्लास्टिकच्या पिशवीत ठेवलं होतं. माझ्यापुढं धरलं. "मी चौथी शिकलोय. मला वाचाय येतंय तसं लिही."

इतक्या दिवसांत हे कुणाच्याच लक्षात आलं नव्हतं. नंबर त्यांच्या अंगात होता आणि तो वाचता न येणारं खोलीतलं एकमेव माणूस त्याच होत्या. कार्डावर हातानं काही लिहायला परवानगी नसते. मी मॅडमकडं बघितलं. त्या म्हणाल्या, "मागच्या बाजूला लिही. आणि शेजारी 'मराठी आकडे' असं लिही."

मी सावकाश लिहिलं. ३१०४. मावशींनी कार्ड जवळ घेतलं, एकेका आकड्यावर बोट ठेवलं. "तीन. एक. शून्य. चार." परत पहिल्यापासून वाचलं. मग कार्ड पालथं करून स्टिकरवरचे इंग्रजी आकडे एकेक करून माझ्याकडून वदवून घेतले, पुन्हा मागं बघितलं. तिथं दोन्हीकडं एकच होतं.

"पोरी," त्या म्हणाल्या, "तुझ्या एका एकानं आठवडाभर माझ्या अंगात दुसरी बाई बसवली हुती."

माफी मी आधीच मागितली होती, ती ह्याला पुरणारी नव्हती.

त्या मॅडमसोबत पडद्याआड तपासायला गेल्या. काका आणि अण्णा बाहेर एकमेकांना फौंड्रीतलं काहीतरी सांगत होते. दहा मिनिटांनी मावशी बाहेर आल्या. ऑपरेशन रद्द करायचं असेल तर त्याचा एक छापील कागद असतो. नाव, तारीख, कारण, सही. तो भरायचं काम माझंच होतं. मला वाटलं, आता त्या मला लिहू देणार नाहीत. पण त्या माझ्यासमोरच येऊन बसल्या, खुर्ची पुढं ओढून, माझा हात दिसेल अशी.

मी नाव लिहिलं, तारीख लिहिली. आकडे इंग्रजी काढले आणि प्रत्येक आकडा वाचून दाखवला. मग कारणाच्या रकान्यापाशी थांबले.

"मावशी, कारण काय लिहू?"

"काय लिवत्यात?"

"कुणी तब्येत बरी नाही लिहितात, कुणी घरची अडचण."

"तसलं न्हाय." त्यांनी खांदा सरळ केला. "लिही की, माझंच हाय."

काका मागून म्हणाले, "अगं, सरकारी कागदावर तसं कसं लिवतील?"

"तुमी गप बसा. पोरी, लिही."

मी तसंच लिहिलं, त्यांच्याच शब्दांत. त्यांनी ते दोनदा वाचलं आणि खाली सही केली.